धारेवरच्या वाटेसाठी अप्रोच शूज: कातळावर पैसे वसूल, उतारावर बोंब

आधी निकाल सांगून टाकते, मग ज्यांना वेळ आहे त्यांनी पुढे वाचा. एका दिवसाचा डोंगर, पण मधे हात लावून चढायचे कातळटप्पे, दोन्हीकडे दरी असलेली अरुंद धार, एखादी आडवी वाट जिथे पाय सटकला तर खाली अडवायला काहीच नाही, असा प्लॅन असेल तर अप्रोच शूज (चालायचे आणि थोडंफार कातळ चढायचे, असे दोन्हीचे शूज) घ्या. ट्रेल रनिंगचे मऊ शूज नकोत आणि घोट्याच्या वरपर्यंत येणारे जाडजूड बूट तर त्याहून नकोत. पण वाट पावसात भिजलेली, चिखलाची, गवताळ उताराची असेल तर हेच शूज ऐनवेळी दगा देतात. पाचपैकी चार स्टार, कापलेला एक कशासाठी ते खाली येईलच.

कंपनी आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाहीये. एक तर नाव तेच राहतं आणि दोन सीझननंतर आतला सोल निराळाच येतो, आणि दुसरं म्हणजे खाली एक तक्रार आहे. या प्रकारातले सगळेच शूज थोड्याफार फरकाने असेच वागतात त्यामुळे काय बघून घ्यायचं ते कळलं की काम झालं. माझे लो-कट (घोट्याच्या खालीच संपणारे) आहेत, वरचं मटेरियल स्वेड म्हणजे मऊ खरबरीत चामडं, मिडसोल म्हणजे तळातला मधला गादीसारखा थर ईव्हीए फोमचा, एका पायाचं वजन 400 ग्रॅमच्या आसपास. भरपूर वापरून झालेत, सोल झिजायला लागलाय, म्हणजे बॉक्स उघडल्याच्या उत्साहात लिहिलेलं नाहीये.

हे शूज मुळात क्लायंबिंगवाल्यांसाठी निघाले. रोप-हार्नेस पाठीवर घेऊन कड्याच्या पायथ्याशी जायचं, वाटेत थोडंफार हातपाय लावून चढायचं आणि काम झालं की चालत उतरायचं, एवढ्यासाठी. ओळखायचे कसे, तर लेस पार बोटांपर्यंत गेलेली असते, पुढच्या टोकाला बाहेरून रबराची पट्टी असते तिला रँड म्हणतात, आणि शू उलटा केला की अंगठ्याखाली नक्षी नसलेला सपाट भाग दिसतो, तो क्लायंबिंग झोन. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं इथे खाचा पाडायच्या राहिल्या की काय. पण कोरड्या कातळावर पकड खाचांनी येत नाही, जितकं जास्त रबर दगडाला टेकेल आणि दगडाच्या खरखरीत पृष्ठभागात दाबलं जाईल तितकी ती येते. खाचा लागतात माती-चिखलात रुतायला. म्हणून रबर मऊ ठेवतात, आणि मऊ म्हणून ते लवकर झिजतं, ही तक्रार कंपनीकडे करून उपयोग नाही, तो सौदाच तसा आहे.

आता प्रत्यक्षात फरक कुठे पडतो ते सांगते. आडवी वाट, डाव्या हाताला उभा कातळ, उजवीकडे हवा, आणि पाय ठेवायला दोन बोटं रुंदीची कपार, तीही जरा बाहेरच्या बाजूला कललेली. इथे रनिंग शू घातला तर तो मधूनच वळतो, सगळं वजन बोटांच्या टोकावर येतं, शू कपारीवर आणि पाय शूच्या आत घसरतोय असं होतं, आणि मिनिटभर तसंच उभं राहावं लागलं तर पोटरी थरथरायला लागते. जाड बुटात उलटं, बूट वळत नाही पण पायाखाली काय आहे तेच समजत नाही, कपार आहे की सुटा दगड आहे ते बघायला दर वेळी मान खाली घालावी लागते, आणि खाली बघायचं म्हणजे दरी दिसणारच. अप्रोच शूमधे अंगठ्याच्या आतल्या बाजूची कड त्या कपारीवर टेकवली की ती टेकलेली राहते. पुढचा भाग पुरेसा कडक असतो त्यामुळे पोटरीवर ताण कमी, आणि सोल इतका पातळ की दगड हलला तर वजन टाकायच्या आधी तळव्याला कळतं. उघड्या जागी भीती निम्मी तरी पायाखालचा भरवसा नसल्याने वाटते, तेवढी खरंच कमी होते. उरलेली निम्मी दुकानातून काहीही आणलं तरी जात नाही.

तिरक्या सपाट कातळावर (स्लॅब म्हणतात तो) टेक्निक वेगळं लागतं आणि ते येत नसेल तर शूज कितीही महाग असोत, घसरणारच. भीती वाटली की माणूस आपोआप दगडाला चिकटतो, छाती टेकवतो, आणि तिथेच गडबड होते कारण वजन पायावरून सुटतं आणि तळवा दगडाला समांतर निसटायला लागतो. आमच्या ग्रुपमधला दादा खालून एकच गोष्ट ओरडत असतो, "अगं टाच खाली सोड, कंबर बाहेर काढ, पायावर उभी राहा!" टाच खाली सोडली की सगळा चवडा टेकतो आणि मग ते रबर काय करू शकतं ते समजतं. घराजवळ कुठला तरी तिरका दगड, उताराचा काँक्रीट बंधारा, काहीही बघा, जमिनीपासून हातभर उंचीवर याची सवय करा, धारेवर जाऊन शिकायची गोष्ट नाही ही.

सोलचं एवढं पुराण का लावलंय असं वाटेल, पण डोंगरातल्या सोलचा इतिहासच अपघातातून आलाय. 1935 मधे इटालियन आल्प्समधल्या पुंता रासिका नावाच्या शिखरावर वित्ताले ब्रामानीचे सहा सोबती वादळात अडकून मरण पावले. त्या काळात खाली खिळे मारलेले जड बूट चालीसाठी आणि कापडी-फेल्टच्या तळव्याचे हलके शूज कातळासाठी अशी विभागणी होती, आणि हवा बिघडून बर्फ आलं की हलक्या शूजमधले लोक अडकून पडायचे. ब्रामानी स्वतः गिर्यारोहक, त्याने त्यानंतर खाचांचा रबरी सोल तयार केला, 1937 मधे पेटंट घेतलं, आणि पिवळ्या अष्टकोनी खुणेची व्हिब्रम कंपनी ती हीच. एकाच जोडीत चाल आणि कातळ दोन्ही भागवायचं ही जी धडपड आहे ती तेव्हापासूनची आहे आणि अप्रोच शू हे तिचं आजचं उत्तर, अर्धवट का होईना.

कुठल्या ग्रेडपर्यंत चालतात? अमेरिकन पद्धतीत क्लास 3 म्हणजे हात लावावेच लागतात, क्लास 4 म्हणजे चढाई तशी सोपी पण पडलात तर जीवावर बेतू शकतं आणि बरेच जण तिथे रोप लावतात. स्विस पद्धतीत टी 1 ते टी 6, त्यात टी 4 पासून पुढच्या वाटांवर खुणा असल्याच तर पांढरा-निळा-पांढरा पट्टा रंगवलेला असतो आणि अधूनमधून हात वापरावे लागतात. ब्रिटनमधे स्क्रॅम्बलचे (हात लावून चढायच्या वाटांचे) ग्रेड वेगळे, वेल्समधली क्रिब गॉखची सुरीसारखी धार ग्रेड 1 मधे येते, म्हणजे चढायला सगळ्यात सोप्या गटात, आणि तरी तिथे भले भले लोक बसून सरकत जातात. हे लक्षात ठेवा, अवघडपणा आणि उघडेपणा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. हालचाल जिन्याची पायरी चढण्याइतकी सोपी असेल आणि खाली तीनशे मीटर काही नसेल, तर ग्रेडच्या आकड्यात ते नीट दिसत नाही, त्यामुळे नुसता आकडा बघून ठरवू नका, वाटेचे फोटो आणि व्हिडिओ बघा (वाइड अँगलवाले सोडून, त्यात सगळंच भयानक दिसतं). क्लास 3 पर्यंत, टी 4 आणि जमत असेल तर टी 5 पर्यंत हे शूज मस्त. त्याच्या पुढे प्रश्न शूजचा राहत नाही, रोप आणि तो वापरता येणाऱ्या माणसाचा असतो.

आणि जिथे हजारो लोकांच्या पायांनी दगड घासून गुळगुळीत झालाय तिथे तर मऊ रबर हवंच. अमेरिकेतल्या योसेमिटी नॅशनल पार्कमधल्या हाफ डोम या ग्रॅनाइटच्या डोंगराचा शेवटचा जवळपास 120 मीटरचा टप्पा केबल धरून चढतात, त्या केबल 1919 पासून आहेत, म्हणजे शंभर वर्षांहून जास्त काळ लोक त्याच पट्ट्यातून जातायत, ग्रॅनाइटची पॉलिश झालीये. तिकडच्याच झायन नॅशनल पार्कमधल्या एंजल्स लँडिंग या अरुंद धारेचं तेच, साखळ्या आहेत पण पायाखालचा दगड झिजलेला आणि वर वाळू सांडलेली. (दोन्हीकडे परमिट लागतं, एंजल्स लँडिंगला ते 2022 च्या एप्रिलपासून, शूजच्या आधी ते बघा नाहीतर शूज घालून पायथ्यावरूनच परत याल.) वाळू हा वेगळा शत्रू आहे. मऊ रबराच्या खाली धुळीचा थर आला की पकड संपली, म्हणून कातळटप्पा सुरू व्हायच्या आधी शूचा तळ दुसऱ्या पायाच्या पोटरीवर, पँटला घासून पुसायचा, क्लायंबर लोक करतात ते बघून मी उचललं. पँट घाण होते, होऊ दे.

आता वाईट बाजू. ओला कातळ: शेवाळ नसेल तर सांभाळून चालतं, शेवाळ असेल तर कुठलंच रबर धरत नाही, हे सुद्धा नाही, जाहिरातीत काहीही म्हणोत. चिखल: खाचा उथळ, दहा पावलांत भरून सपाट होतात आणि मग टायर गुळगुळीत झालेल्या स्कूटरवर बसल्यासारखं वाटतं. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगड-मुरमाच्या उतारावर, लो-कट असल्यामुळे घोट्याशी खडे आत शिरतात, आणि एक बारकासा खडा इनसोलखाली जाऊन नेमका चवड्याच्या हाडाखाली बसतो, तो काढायला थांबायची जागा नेमकी अर्ध्या तासाने येते. शू आणि घोट्यावर बाहेरून घालायची छोटी कापडी कव्हरं, म्हणजे गेटर, मिळतात, वजन नगण्य, घ्याच. थंडीत पहाटे रबर जरा कडक पडतं, सावलीतल्या बाजूला दव किंवा हिम असेल तर दुपारी जो टप्पा खेळत-खेळत होतो तोच सकाळी अंगावर येतो, त्यामुळे उघडा भाग सकाळी लवकर येत असेल तर तिथे ऊन कधी पोचतं ते आधी काढून ठेवा.

आणि उतार. इथे तो एक स्टार गेला. पातळ मिडसोल कातळावर वरदान आणि लांब उतारावर शिक्षा. शिखर झालं, धार उलटी पार झाली, आता नुसती पायवाट उरली म्हणून सगळे गप्पा मारत सुटतात आणि तेव्हा या शूजची खरी किंमत कळते, तळवे भाजतात, गुडघ्याला प्रत्येक दगड कळतो. बोटं पुढे आपटतात ते वेगळंच. कड्यासाठी शू घट्ट हवा आणि उतारासाठी बोटांपुढे जागा हवी, या दोन्ही गोष्टी एका मापात बसवणं हीच या खरेदीतली खरी कसोटी.

त्यामुळे मापाबद्दल जरा सविस्तर. संध्याकाळी ट्राय करा, दिवसभरात पाय सुजतो, सकाळी फिट बसलेला शू डोंगरात चौथ्या तासाला चावतो. डोंगरात घालणार तेच मोजे घालून ट्राय करा, कॉटनचे नकोत, घाम धरून ठेवतात आणि फोड आणतात. दुकानात उतरती फळी असते काही ठिकाणी, नसेल तर जिन्याच्या पायरीवर टाच वर, बोटं खाली असं उभं राहा आणि चवडा जोरात पुढे ढकला, अंगठा टोकाला लागता कामा नये. मग उलटं, पायरीच्या कडेवर फक्त अंगठ्याची बाजू ठेवून एका पायावर उभं राहा, शू वळून खाली गेला तर तो कडेवर टिकणार नाही, टाच आत उचलली गेली तर लेस कशीही बांधा ती उचलणारच. या दोन्ही चाचण्यांत पास झाला तो घ्या, रंग गेला खड्ड्यात. बायकांच्या मॉडेलमधे टाच सहसा जरा अरुंद असते, ज्यांचा पाय बारीक आहे अशा पुरुषांनीही ते घालून बघायला हरकत नाही आणि रुंद पंजाच्या बायकांनी पुरुषांचं, लाजायचं काय त्यात. उतार सुरू व्हायच्या आधी दोन मिनिटं थांबून लेस पुन्हा बांधा, बोटांकडे सैल, घोट्याकडे घट्ट, सगळ्यात वरच्या जादाच्या भोकातून लूप काढून, आणि नखं दोन दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको. नवीन शूज थेट मोठ्या दिवसाला घालायचे नाहीत हे सांगायची गरज नसावी.

कपाटात जुने जाड बूट पडलेत ते चालतील का, हा प्रश्न मला कायम येतो. पॉलियुरेथेनचा मिडसोल असेल तर तो नुसता पडून राहिला तरी हवेतल्या दमटपणाने काही वर्षांत आतून कुजतो, वरून बूट नवाकोरा दिसतो आणि चालताना तळ सुटून हातात येतो. अंगठ्याने जोरात दाबा, भुसभुशीत लागलं, चिरा दिसल्या तर नको. धारेवर सोल सुटणं हा विनोद नाहीये.

तक्रार अशी की माझ्या उजव्या शूचा रँड वॉरंटीच्या काळातच पुढून उखडला, आत बोट जाईल एवढा, आणि ज्यांच्याकडून घेतले त्यांनी फोटो मागवले, मग बिल मागवलं, मग परत फोटो मागवले, मग सांगितलं की दगडावर घासल्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. अहो, दगडावर घासायलाच तर घेतलेत! शेवटी मोच्याकडून चिकटवून घेतला आणि अजून टिकलाय. ज्या कंपन्या रिसोल करून (नवा सोल लावून) देतात त्यांचे घेतले तर बरं, कारण वरचा भाग धडधाकट असताना अंगठ्याखालचं रबर आधी संपतं, आणि रँडला भोक पडायच्या आधी पाठवले तरच ते काम नीट होतं.

शूजच्या बरोबरीने काय लागतं तेही थोडक्यात टाकते, कारण नुसते शूज घेऊन कोणी धारेवर जाऊ नये. सॅक अंगाला चिकटून बसणारी, बाहेर काही लोंबकळणारं नको, मॅट नको, बाटली नको, अरुंद आडव्या वाटेवर सॅक दगडाला घासली की ती तुम्हाला बाहेर ढकलते. काठ्या घडी होणाऱ्या घ्या आणि कातळ आला की सॅकमधे आत टाका, मनगटाला लटकवलेल्या काठीवर पाय पडून लोक पडलेत. केबल-साखळी असेल तर तळव्याला रबर असलेले ग्लोव्हज. वर माणसं किंवा सुटे दगड असतील तर हेल्मेट, ते गिर्यारोहणाचं, ज्यावर ईएन 12492 असतं, सायकलचं नाही. त्या मानकात वरून पडणाऱ्या टोकदार दगडाचीही चाचणी असते, सायकलच्यात नसते.

वेळेचं गणित करताना 1892 चा नाइस्मिथचा नियम अजून बरा चालतो, 5 किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाईला एक तास जादा. 12 किलोमीटर आणि 1200 मीटर चढाई म्हणजे साडेचार तासांच्या आसपास निघतात. पण त्यात थांबणं नाही, आणि उघड्या टप्प्यावर हा नियम साफ झोपतो, दोनशे मीटरच्या धारेला तास लागू शकतो, समोरून येणारे, मधेच गोठून बसलेले, फोटो काढणारे, सगळ्यांची रांग. म्हणून धारेसाठी वेळ वेगळा धरा, परत फिरायची वेळ घड्याळात निघायच्या आधी ठरवा आणि ती ग्रुपमधल्या सगळ्यात बोलक्या माणसाला सांगून ठेवा. चढलेला टप्पा उतरता येईल का हे चढायच्या आधी विचारायचं. उतरताना दरीकडे पाठ, कातळाकडे तोंड, दोन हात एक पाय किंवा दोन पाय एक हात कायम टेकलेले. गडगडाट ऐकू आला की धारेवरून खाली, शिखर कितीही जवळ असो, आणि केबल-साखळीपासून तर आधी लांब.

तर घ्यावेत कोणी? ज्यांच्या दिवसात कातळ जास्त आणि माती कमी त्यांनी डोळे झाकून. ज्यांची वाट पाच तास जंगलातली आणि मधे वीस मिनिटं धार, त्यांनी चांगल्या ग्रिपचे, जरा कडक सोलचे ट्रेल शूज घालून जावं आणि धारेवर हळू जावं. घोटा आधी मुरगळलेला असेल तर याच प्रकारात मिड-कट (घोट्यापर्यंत येणारे) मिळतात, लो-कटइतके मोकळे नाहीत पण खडे कमी जातात. मी पुढची जोडी हीच घेणार आहे, फक्त अर्धा साइज मोठी, आणि त्या दुकानातून नाही.